मदत हवी आहे: ट्रायॅक मोटर बंदच करत नाही

परळला आमच्या चाळीत टाकीवर पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर आहे, तिच्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून बीटीए१६-६००बी ट्रायॅक (एसी लाइन चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एमओसी३०४१ (ट्रायॅकच्या गेटला, म्हणजे त्याला ऑन करणाऱ्या पिनला, सिग्नल देणारी आयसी) आणून सर्किट बनवलं. १०० वॅटच्या बल्बवर मस्त चालतं पण मोटर लावली की गेट सिग्नल काढला तरी ती घुरघुरत चालूच राहते, काल टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहिलं, खालच्या आजी घसरता घसरता वाचल्या. माझ्या मते मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे असतो, म्हणून करंट शून्य झाला की ट्रायॅकवर एकदम व्होल्टेज चढतं आणि तो परत ऑन होतो. ३९ ओम, ०.०१ मायक्रोफॅरडचा स्नबर (व्होल्टेज एकदम चढू न देणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावलाय, फरक नाही. कपॅसिटर वाढवू की बीडब्ल्यूवाला स्नबरलेस (स्नबर न लागणारा) ट्रायॅक घेऊ? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, पाणी रोज पहाटे येतं.