प्रतिसाद: टायर, छत झालं, किंगपिनजवळची फ्रेमही बघा

जुना फिफ्थ-व्हील कॅम्पर (ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या जोडणीला अडकवून ओढायचं, चाकांवरचं घर) विकत घेताना काय बघावं, या प्रश्नावर वर छताचं सीलंट आणि टायरची नक्षी तपासायला सांगितलंय. छताबद्दल शंभर टक्के सहमत. पण नक्षीवर विसंबू नका. हे ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभेच असतात, त्यामुळे नक्षी कोरी राहते आणि रबर आतून म्हातारं होतं. टायरच्या कडेला डीओटी कोडचे (टायर कधी बनला ते सांगणाऱ्या छापील कोडचे) शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली असतील तर नव्या टायरचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

धाग्यात अजून न आलेला मुद्दा म्हणजे पुढची फ्रेम. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा किंगपिनवर (ट्रकच्या जोडणीत अडकणाऱ्या जाड खिळीवर) येतो आणि दर खड्ड्याला तिथली वेल्डिंग पिळली जाते. ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना विकणाऱ्याला पुढचे जॅक थोडे खाली-वर करायला लावा (चाकांना पुढे-मागे ठोकळे लावूनच) आणि तुम्ही बाजूला उभं राहून पिनबॉक्सच्या (किंगपिन ज्यात बसवलेली असते त्या लोखंडी पेटीच्या) वरचा भाग बघत राहा. पिनबॉक्स हलतोय पण वरचा सांगाडा त्याच्या मागून उशिरा हलतोय, किंवा फट उघडझाप करतेय, तर आतली वेल्डिंग सुटलेली असू शकते. ट्रकवर झुकलेल्या पुढच्या बेडरूमखालचा भाग जिथे उभ्या भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यातले तडे हाही तसाच इशारा. दुरुस्तीसाठी बाहेरचा पत्रा किंवा फायबर उघडावं लागतं, म्हणून असा कॅम्पर कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही. स्लाइड-आउटची (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाची) मोटर, फ्रिज वगैरे बिघडलं तर निदान बदलता येतं.