मदत हवी आहे: गच्चीवरची अंबाडी सोसायटीला गांजा वाटतेय, आणि कळ्याही लवकर आल्यात

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्याला राहते, माहेर अकोल्याकडचं. एक प्रश्न सोसायटीचा आहे आणि एक झाडाचा. सोसायटीचा आधी सांगते, कारण शनिवारी संध्याकाळी मीटिंग आहे.

आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर अंबाडी लावतात. हिरव्या देठाची, पंजासारख्या पानांची. इथल्या बाजारात मला बहुतेक वेळा लाल देठाचीच मिळते. तिची भाजीही चांगली होते, पण ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली आमच्या घरची चव तिला येत नाही. म्हणून आईकडून बी मागवलं, रात्रभर भिजवलं आणि कमिटीची रीतसर परवानगी घेऊन जूनच्या शेवटी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पेरलं. बादल्यांना तळाशी भोकं, निम्मी माती आणि निम्म्यात शेणखत व कोकोपीट. जुलैच्या पावसातही पाणी साचलं नाही. झाडं आता माझ्या खांद्याला लागतात.

मागच्या आठवड्यात टाकी साफ करायला आलेल्या माणसांनी फोटो काढले आणि ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले. "गच्चीवर गांजा कोण लावतंय?" तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलायचे थांबलेत. सासूबाई तर म्हणतात, उपटून टाक, नको ती भाजी. कमिटीची भीती मला समजते. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे, मग ते शेतात असो की कुंडीत. पण ही भाजी आहे हो! चार माणसांच्या हातात देऊन पटवता येईल अशी खूण हवी आहे. "गूगल करून बघा" म्हटलं तर उलट घोटाळा होतो, कारण फोटोत पानं खरंच सारखी दिसतात.

आता झाडाचं. सप्टेंबर अर्धा झाला आणि बहुतेक झाडांना कळ्या आल्या, नवी पानं लहान येताहेत. पण लिफ्टच्या मशीनरूमचा दिवा रात्रभर चालू असतो, आणि त्याच्या अगदी खाली असलेल्या दोन बादल्यांत एकही कळी नाही. तिथली पानं अजून तळहातापेक्षा मोठी आहेत. माती तीच, बी तेच. हा दिव्याचा परिणाम असेल का? आणि बाकीच्या झाडांना अजून पानं येण्यासाठी काही करता येईल का?

प्रतिसाद: हिरवळ (ठाणे)

ताई, उपटू नका.

पान तोडून देठाजवळ बघायला सांगा. गांजाच्या पानात सुट्या पर्णिका असतात, त्या देठाच्या टोकाशी एका बिंदूत येऊन मिळतात. एकेक वेगळी काढता येते. अंबाडीचं पान अखंड असतं, फक्त खोलवर कापलेलं. बोटं तळाशी पात्याने जोडलेली दिसतील. शिवाय खालची जुनी पानं शाबूत असली तर ती न कापलेली, बदामाच्या आकाराची असतात. खोडावरून उलटं बोट फिरवलं तर बारीक काटे लागतात. आणि सरळ एक पान चावायला द्या, आंबट लागलं की निम्मी मीटिंग तिथेच आटोपेल.

सगळ्यात पक्की खूण फुलाची. अंबाडी जास्वंद-भेंडीच्या कुळातली, फूल भेंडीसारखंच फिकट पिवळं, मध्ये गडद तांबडं. गांजाला पाकळ्यांचं फूल येतच नाही, हिरवट तुरे येतात. अंबाडीचं फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतं. मीटिंग संध्याकाळी आहे म्हणता, तर सकाळीच सेक्रेटरींना वर घेऊन जा.

दिव्याबद्दल तुमची शंका बरोबर आहे. दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली गेला की अंबाडी फुलावर येते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरात बारावर येतो. खरं तर झाड रात्र किती लांब आहे ते ओळखतं, आणि तुमच्या दिव्याखाली रात्र होतच नाही. कळी आलेल्या झाडांचे शेंडे कळ्यांसकट खुडून भाजीला घ्या, बगलेतून थोडे फुटवे येतील, पण आता भरघोस पानाची आशा नको. दोन झाडं बियांसाठी राखा, तीही दिव्यापासून लांबची. पुढच्या वर्षी मेअखेरीस पेरा आणि झाड दीड फुटाचं झालं की शेंडा मोडा. ते उंच न जाता पसरेल, पानही जास्त मिळेल.

प्रतिसाद: धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. आत्ताच वर जाऊन पाहिलं, पान खरंच तळाशी जोडलेलं आहे, आणि खालच्या दोन पानांचा आकार अगदी बदामासारखा. उद्या सकाळी एक कळी उमलेल असं वाटतंय, सेक्रेटरींना साडेसातला बोलावलं आहे. सासूबाईंनाही पान चावायला दिलं.

आणखी एक विचारते. एका बादलीत खोडाच्या सांध्यांत पांढरा कापसासारखा थर दिसतोय आणि त्यावर मुंग्यांची ये-जा आहे. शेजारच्या जास्वंदीवरही तसंच आहे. पिठ्या ढेकूणच ना? पानं खायची आहेत, म्हणून औषध मारायचं नाही. जोरात पाणी मारून आणि जुन्या ब्रशने घासून भागेल, की त्या फांद्या कापूनच टाकू?