चर्चा: ब्रायटनच्या इस्पितळातली पत्रं जखमी शिपायाची साक्ष, की सेन्सॉरचं दप्तर?

दौतटाक
पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळांत आलेल्या हिंदी शिपायांची पत्रं हल्ली ‘शिपायाचा खरा आवाज’ म्हणून जिथेतिथे छापली जातात. माझा याला विरोध आहे. पत्र कसं तयार व्हायचं ते आधी पाहा. बहुतेक शिपाई निरक्षर, त्यामुळे मजकूर कुणातरी लिहित्या माणसाला सांगायचा, तोही भरल्या वॉर्डात, चारचौघांच्या देखत. मग अधिकाऱ्याची नजर. पुढे कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखालची, फ्रान्समधल्या बुलोनची हिंदी टपालाची सेन्सॉर कचेरी. तिथे काही पत्रं निवडायची, त्यातले उतारे इंग्रजीत करायचे आणि अहवालाला जोडायचे. मूळ कागद गावाकडे गेला. ब्रिटिश लायब्ररीत आज आपण वाचतो तो उतारा. आणि ही कचेरी उघडली कशासाठी? गदरवाल्यांचं, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या हिंदी क्रांतिकारकांचं, साहित्य पलटणींत शिरतंय का हे बघायला. म्हणजे निवडणाऱ्याचा डोळा राजनिष्ठा आणि राजद्रोह यांवरच होता. अशा चाळणीतून उरलेल्या चार ओळींवरून शिपायाचं मन सांगू नये.

पलटणवाचक
चाळणी मान्य, निष्कर्ष अमान्य. आपलं पत्र वाचलं जातं हे शिपायांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत सैन्य किती उरलंय ते घरी कळवलं जायचं. ही खूण सेन्सॉरने ओळखली, नोंदली, म्हणूनच आपल्याला माहीत आहे. आजारी पडण्यासाठी घरून बिब्बा मागवणारेही होते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी उतते, फोड येतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

शिवाय पत्रं पडताळता येतात. ब्रायटनला किचनर हॉस्पिटल होतं, मूळचं गरीबखान्याचं आवार. तिथले शिपाई त्याला तुरुंग म्हणत. अतिशयोक्ती वाटेल, पण तिथले प्रमुख कर्नल सीटन यांच्याच सरकारी अहवालात भिंतींवरची काटेरी तार, पहारा आणि बाहेर जाण्यावरची बंदी आहे. तक्रार करणारा आणि बंदी घालणारा दोघं एकच गोष्ट सांगत असतील तर आणखी काय पुरावा हवा?

त्याच सीटन यांनी 1,000 जखमा तपासल्या, कारण शिपाई मुद्दाम स्वतःला जखमी करून घेतात असा बोभाटा झाला होता. तसा सर्रास प्रकार असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे इथे अधिकाऱ्यांच्या संशयापेक्षा शिपायांचं म्हणणं खरं ठरतं.

दौतटाक
जखमांचा अहवाल जखमांबद्दल बोलतो, पत्रांबद्दल नाही. काटेरी तारेचं उदाहरण मात्र चांगलं आहे. पण ते तुरुंगाबद्दल झालं. उताऱ्यात नमस्कार-चमत्कार गाळलेले असतात, पत्र कुणाच्या नावे आणि कुणाकुणाला राम राम सांगितलाय हे गळतं. गावात ते पत्र मास्तर किंवा पोस्टमन सगळ्यांपुढे मोठ्याने वाचणार. पाय कापल्याची बातमी आईला कळू नये म्हणून काय लपवलं, हे मायना बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

टपालखुणा
दोघंही फ्रान्सवरच अडून बसलात. मराठा पलटणी कुठे होत्या? 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनच्या लढाईतले जखमी स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत नेले, हाडं मोडलेल्यांचे त्यात अतोनात हाल झाले. पुढे बोटींच्या उघड्या डेकवर खच्चून भरून बसऱ्याला. या अनास्थेवर 1917 साली चौकशी आयोगाचा अहवाल निघाला. तिथल्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेल्यांचं टपाल तर 29 एप्रिल 1916 ला शरणागती होईपर्यंत बाहेर येणंच शक्य नव्हतं. मुंबईत आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारतसुद्धा तेव्हा लष्करी इस्पितळ होती. मुंबईतून गावी गेलेलं पत्र बुलोनच्या दप्तरात सापडणार नाहीच. ते असलं तर एखाद्या घरच्या ट्रंकेत.

ओळखायचं कसं: पाकिटावर पंचम जॉर्जच्या तिकिटावर ‘आय. ई. एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी काळी छपाई असेल तर ते मोहिमेवरच्या हिंदी लष्करी टपालातलं. पत्त्यात किंवा शिक्क्यात फोर्सचं अक्षर दिसलं तर ‘ए’ म्हणजे फ्रान्स, ‘डी’ म्हणजे मेसोपोटेमिया, ‘ई’ म्हणजे इजिप्त. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि सेन्सॉरचा शिक्का दोन्ही टिपा. मजकूर मोडीत असेल तर ‘हिशेबाचा कागद’ समजून रद्दीत जातो. तिकीट सोलू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडीवर ताण न देता उलगडा आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू, पत्राची प्रत्येक बाजू वेगळी स्कॅन करा. पाकीट आणि पत्र एकमेकांपासून तुटलं की तारीख हातची जाते.

दौतटाक
हे सापडलं तर सोनं. तोवर ब्रायटनच्या उताऱ्यांना मी ‘सेन्सॉरने निवडलेला मजकूर’ एवढंच म्हणणार.

पलटणवाचक
लेबल खुशाल लावा, पण सगळे उतारे एका मापाने मोजू नका. ब्रायटनच्याच रॉयल पॅव्हिलियन इस्पितळाचं कौतुक, राजाचा महाल, हिंदू-मुसलमानांचे वेगळे नळ, नऊ स्वयंपाकघरं, हे वाचताना सावध राहावं. इस्पितळाचं सचित्र पुस्तक गुरुमुखी आणि उर्दूतही छापलं होतं, त्यामुळे हे वर्णन शिपायाचं की पुस्तकाचं ते ठरवणं कठीण. विनंतीचं तसं नाही. ‘धाकट्याला भरती होऊ देऊ नका’ असं लिहिणाऱ्याला वाचणाऱ्या अधिकाऱ्याकडून शाबासकी मिळणार नव्हती, उलट धोकाच होता. बरं झाल्यावर पुन्हा खंदकात धाडू नका, हे गाऱ्हाणंही त्यातलंच. अशा ओळी मी साक्ष म्हणूनच वाचतो, आणि इंग्रजी उताऱ्यातून आल्या म्हणून बाजूला ठेवायला तयार नाही.