आईला पडल्या-पडल्या बाहेरचं दिसावं, बाहेरच्यांना आई दिसू नये: खिडकीला काय लावू?

तळमजला

आईचं मांडीचं हाड मोडलं त्याला सात आठवडे झाले. शस्त्रक्रिया झाली आहे, वॉकरवर चार पावलंही टाकते, पण दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावरच जातो. पलंग मुद्दाम खिडकीला लागून ठेवला आहे. समोर एक मोठं झाड आहे. खार कोणत्या फांदीवरून कधी उतरते, हे आईला आता पाठ आहे.

अडचण अशी की झाडाच्या अलीकडून, खिडकीपासून जेमतेम अडीच मीटरवर, येण्याजाण्याची वाट आहे. जाणाऱ्याची नजर आत वळतेच, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण परवा अंग पुसून देत असताना कुणीतरी आत बघितलं आणि आईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्यानंतर दोन दिवस तिने मला पडदा उघडूच दिला नाही. खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावून आम्ही बसलो. ते मला बघवलं नाही.

खिडकी 120 सेंटीमीटर रुंद, 135 उंच. खालची कड जमिनीपासून 75 वर. तोंड पश्चिमेला, त्यामुळे चारनंतर ऊन थेट उशीवर. आतापर्यंत जाड कापडी पडदा होता: उघडा तरी, नाहीतर बंद तरी, मधलं काहीच नाही. दुकानात झेब्रा ब्लाइंड (आलटून-पालटून जाड आणि पारदर्शक आडव्या पट्ट्यांचे पडदे) दाखवले, काचेवर चिकटवायची आरशासारखी फिल्मही सुचवली. दिवसा बाहेरच्याला आतलं काहीच दिसत नाही म्हणे. यातलं काय घ्यावं? घरात चार वर्षांची भाची आहे, तेही लक्षात घ्यावं लागेल.

आडोसा

फिल्म लावण्याआधी थांबा. ती अंधाराच्या बाजूचं झाकते, एवढंच तिचं काम. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून बाहेरच्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. संध्याकाळी तुम्ही दिवा लावला की सगळं उलटं होतं: आईला आरसा आणि वाटेवरच्याला खोली. रात्रीसाठी पडदा लागणारच. शिवाय काच दुहेरी असेल तर गडद फिल्मने ती असमान तापून तडकूही शकते, आधी काचवाल्याला विचारा.

काच-कापड-लाकूड

मी वीस वर्षं ब्लाइंड बसवण्याचं काम करतो. सगळे लोक उभं राहून खिडकी बघतात आणि उभ्या माणसाच्या हिशोबाने माल घेतात. तुमच्या घरी खिडकीतून बघणारा माणूस आडवा आहे. तेव्हा आधी वर्तमानपत्राचे कागद आणि चिकटपट्टी घ्या. आई खुर्चीत बसलेली असताना तुम्ही तिच्या उशीवर डोकं ठेवून पडा. घरातल्या कुणाला तरी वाटेवरून ये-जा करायला सांगा. काचेवर खालून वर कागद चिकटवत जा आणि चालणाऱ्याचे डोळे तुम्हाला दिसेनासे झाले की थांबा. तुम्हाला त्याचे डोळे दिसत नाहीत म्हणजे त्यालाही तुमचे दिसत नाहीत. नजरेची रेघ दोन्हीकडून एकच असते. मग त्याला खिडकीजवळ आणून पुन्हा बघा. कागदाच्या वर जे उरेल ते तुमचं झाड.

बहुतेक वेळा लोक चकित होतात, कारण फार थोडं झाकावं लागतं. अशा खिडकीला खालून वर येणारा ब्लाइंड मिळतो. प्लीटेड (चुण्यांच्या) किंवा हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांच्या) प्रकारात वरची आणि खालची अशा दोन्ही पट्ट्या सरकतात, म्हणजे तो हवा तिथे थांबवता येतो. अंग पुसताना पूर्ण वर घ्या, एरवी अर्ध्याच्याही खाली.

झेब्रा मी तुम्हाला देणार नाही. त्यात कापडाचे दोन थर एकमेकांपुढे काही सेंटीमीटर अंतरावर असतात आणि पट्ट्या समोरून बघणाऱ्यासाठी जुळवलेल्या असतात. पडलेल्या माणसाच्या तिरक्या नजरेतून त्या जुळत नाहीत. नको तिथे फट राहते आणि झाडाचेही तुकडे होतात.

भाची आहे म्हटलंत म्हणून हे ठासून सांगतो: लोंबती दोरी किंवा मोकळा साखळीचा फेरा असलेलं काहीही घेऊ नका. लहान मुलाच्या गळ्याला त्याचा फास बसतो, आणि आवाजसुद्धा होत नाही. हाताने पट्टी धरून सरकवायचा किंवा रिमोटचा घ्या. आणि पलंग खिडकीला लागून असेल तर भाची त्यावर चढणार, हे धरूनच चला.

पश्चिमेची खोली

वरचं बरोबर आहे, पण चारनंतरच्या उन्हाला त्याने उपाय होत नाही. खालचा भाग झाकला तरी सूर्य पार खाली येईपर्यंत वरच्या उघड्या भागातून उशीवर येतच राहणार. बसलेला माणूस खुर्ची फिरवतो, पडलेल्याला तोंड फिरवूनही जागा नसते. माझे वडील अशा खोलीत होते, डोळ्यांवर रुमाल घेऊन पडायचे. आम्हाला वाटायचं झोपलेत.

आम्ही वरून स्क्रीनचा रोलर, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, लावला. स्क्रीन म्हणजे जाळीदार कापड. त्यावर 1, 3, 5, 10 टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे कापडाचा तेवढा भाग छिद्रांचा. आकडा वाढला की दृश्य वाढतं आणि आडोसा कमी होतो. रंगाबाबत आमची चूक झाली, ती तुम्ही करू नका. खोली उजळ राहावी म्हणून पांढरं घेतलं. ऊन पडलं की ते कापडच चमकतं, धुकं धरल्यासारखं, पलीकडचं काही दिसत नाही. गडद कापडातून मात्र बाहेरचं स्वच्छ दिसतं. गडद रंग तापतो हे खरं, म्हणून बाहेरची बाजू फिकट आणि आतली गडद असं दोन रंगांचं कापड मिळालं तर तेच घ्या.

सूर्य थेट समोर असताना 3 टक्क्यांच्या कापडातूनही त्याचा गोळा डोळ्याला बोचतो. त्या तासाभरासाठी जाड थर हवाच. आणि नमुन्याचा तुकडा दुकानातल्या दिव्याखाली बघून काही कळत नाही. घरी आणा, काचेवर लावा, दुपारी बघा. मग रात्री दिवा लावून बाहेर जा आणि वाटेवरून बघा.

तळमजला

सर्वांचे मनापासून आभार. काल कागदाचा प्रयोग केला. वाटेवरून चालणाऱ्यासाठी 22 सेंटीमीटर पुरले. मुद्दाम खिडकीजवळ येऊन वाकून बघणाऱ्यासाठी 35. एवढंच! मी झाकायचं म्हटलं की अख्खे 135 झाकत होते.

पण पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. आईला पुन्हा पलंगावर घेतलं, तिने कागदांकडे बघितलं आणि म्हणाली, "झाड दिसतंय गं, पण माझी येणारी-जाणारी माणसं गेली." तिला वाटेवरचं सगळं बघायचं असतं: कोण लवकर परतलं, कुणाच्या हातात काय आहे. मी तिच्यासाठी फक्त झाड राखत होते. तिला विचारलंच नव्हतं.

काच-कापड-लाकूड

मग खालच्या 35 सेंटीमीटरला कागदासारखं बंद काही नको. तिथे गडद स्क्रीन कापडाची अर्धी पट्टी लावा, वर-खाली दोन बारीक दांड्यांमध्ये ताणून. 5 टक्क्यांचं चालेल. आईला माणसं दिसतील, माणसांना ती दिसणार नाही. अट एकच, दिवसा खोलीत दिवा नको. त्याच्या मागे, खोलीच्या बाजूला, खालून वर येणारा हनीकोम्ब. अंग पुसताना आणि दिवे लागल्यावर तो वर घ्यायचा. चारच्या उन्हाला या हनीकोम्बची वरची पट्टी खाली आणायची नाही, तो पूर्ण बंद ठेवायचा, उन्हाचा तेवढा तास जाईपर्यंत. स्क्रीनचा वेगळा रोलर नंतर वाटलं तर लावा. चौकटीच्या आत बसवणार असाल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी असेल ती द्या. चौकटी सरळ नसतात.

पश्चिमेची खोली

एक विचारते. ब्लाइंड कोण हलवणार? वडिलांना प्रत्येक वेळी हाक मारावी लागायची, म्हणून शेवटी ते हाक मारेनासेच झाले. जमलं तर रिमोटचा घ्या आणि रिमोट त्यांच्या उशाशी ठेवा.

तळमजला

हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. रिमोटचाच सांगितला आहे, बसायला बारा दिवस लागतील.

तोपर्यंत नमुन्याचा गडद तुकडा कागदांच्या जागी चिकटवून ठेवला आहे. काल रात्री दिवा लावून मी वाटेवर जाऊन उभी राहिले, तर आईचा चष्मासुद्धा दिसत होता. तेव्हा सध्या दिवे लागले की जुना जाड पडदा. दिवसा मात्र तो उघडा आहे, तिनेच सांगितलं. आज सकाळी वाटेवरून एक बाई छत्री हलवत गेल्या, तर आई म्हणाली, "ही कालची निळी छत्री नव्हे." भाची पळत बघायला आली.