अनुभव धागा: मागितलं, मिळालं नाही. पुढे कसं चाललंय?

मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) साक्षीची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली की पुढे कोण येतं बघा. ज्याला नोकरी लागली तो, जिचं ऑपरेशन नीट पार पडलं ती. ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही ते मागच्या बाकावरून हालेलूया म्हणतात आणि घरी जातात. हा धागा त्यांच्यासाठी. उत्तर आलं नाही, किंवा सरळ 'नाही' असंच आलं, तरी देवाला धरून आहात (किंवा धरवत नाहीये), तर लिहा. फक्त 'देवाची वेळ परफेक्ट असते' एवढंच टाकून पळू नका प्लीज.

सुरुवात मी करते. भाऊ दारू पितो. आई त्याच्यासाठी प्रार्थना करता करताच गेली, आता ते काम माझ्याकडे. येणारा प्रत्येक पाळक (चर्चचा पास्टर) मला संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट सांगतो, आईने रडून प्रार्थना केली आणि ऑगस्टीन देवाकडे वळला वगैरे. मला त्यातला मधला भागच जास्त जवळचा वाटतो. ३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला, तिला ते नको होतं, तर याने थाप मारली की मित्राला निरोप द्यायला थांबलोय, आणि ती जवळच्या प्रार्थनास्थळात 'याला जाऊ देऊ नको' म्हणून रात्रभर रडत होती तेव्हा हा जहाजात बसून गेलासुद्धा. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय हे. त्या रात्रीची प्रार्थना सपशेल नाकारली गेली ना? पुढे मिलानमध्ये त्याला तिथला बिशप अंब्रोस भेटला, ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला, हे आपल्याला माहितीये. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या तिला कुठे माहीत होतं. माझं सध्या तसंच आहे.

थोमाची बहीण
मूल नाही. हन्ना, सारा, राहेल, अलीशिबा, बायबलमधल्या मुलासाठी थांबलेल्या सगळ्या जणी मला पाठ आहेत, कारण प्रत्येक प्रार्थनासभेनंतर कोणीतरी त्यातली एक सांगतंच. आणि सगळ्यांना शेवटी होतंच की! शेवटपर्यंत न मिळालेलं कोणी असेल शास्त्रात तर सांगा, खरंच विचारतेय.

जुना वाचक
ताई, मोशे. बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, अध्याय ३ वाचा. मला यार्देनेपलीकडे जाऊन देवाने वचन दिलेला तो देश बघू दे म्हणून विनवणी केली त्याने, तर देव म्हणाला पुरे, हा विषय माझ्याजवळ पुन्हा काढू नकोस. डोंगरावर चढवून लांबून दाखवला, बस्स. एवढा मोठा माणूस, समोरासमोर बोलणारा.

थोमाची बहीण
थँक्यू दादा. वाचलं. त्याला निदान तोंडावर नाही म्हटलं, मला तर 'नाही' पण आलेलं नाहीये. पण मोशे आवडला, हन्नापेक्षा बरा वाटला आज.

एक बाबा
लिहू का नको करत होतो. आमचं बाळ फार लवकर जन्मलं. एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) कोपरापर्यंत हात धुवायचे, मग त्या काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायचा, तेवढाच स्पर्श. माझं बोट धरायची ती, पूर्ण मूठही वळत नव्हती तिची. सगळी मंडळी उपवास प्रार्थनेला बसली होती, रात्रभर पाळीपाळीने प्रार्थना करायची चेन लावली होती, आणि ती गेली.

नंतर लोक काय काय बोलले ते सोडा. बायबलमधल्या २ शमुवेल १२ मधला दावीद राजा मला तेव्हा अजिबात कळला नाही. मूल आजारी आहे तोवर जमिनीवर पडून उपवास, सातव्या दिवशी ते गेलं तर उठून अंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन केलं, मग घरी येऊन जेवला. चाकरसुद्धा चक्रावले. मला अंघोळ आणि जेवण जमलं, मधलं ते नमन बरेच महिने जमलं नाही. आता जातो. गाणी सुरू झाली की उभा राहतो पण काही ओळी येतात तेव्हा तोंड बंद ठेवतो, शेजारचे गातात तेवढं पुरे. पाळकांना सांगितलंय, ते चालेल म्हणाले.

गुडघेदुखी
बाबा, तुमच्यासाठी शब्द नाहीत.

माझं साधंच, संधिवात. आरोग्यसभांमध्ये किती वेळा डोक्यावर हात ठेवून घेतला विचारू नका. बरं झालं नाही की चौकशी सुरू, कोणाला क्षमा करायची राहिलीये का, घरात काही लपलेलं पाप आहे का. एकाने तर गोळ्या बंद करा म्हणून सांगितलं, विश्वास दिसेल म्हणे!! कोणीही असलं करू नका, कृपा करून. ज्या प्रेषित पौलाचे रुमाल नेऊन आजारी माणसं बरी होत होती (प्रेषितांची कृत्ये १९) त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला मिलेत शहरात आजारीच सोडलं, २ तीमथ्य या त्याच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय. तिथे त्रफिमाच्या विश्वासाची चौकशी केलेली नाही. आणि खुद्द पौलाने आपल्या शरीरातला 'काटा' (त्याला छळणारा त्रास) दूर कर म्हणून देवाला तीनदा विनवलं तर उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. मला ही कृपा म्हणजे नक्की काय ते रोज सकाळी शोधावं लागतं, एखाद्या दिवशी सापडते, एखाद्या दिवशी नुसतीच गोळी.

दोन खाटा
आमच्या प्रेअर ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन नावं होती. दोघंही व्हेंटिलेटरवर, तेच लोक, त्याच प्रार्थना. एक घरी आले. दुसरे माझे मिस्टर. ते घरी आलेले गृहस्थ साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा मी हॉलमध्येच होते, आनंद पण झाला, खोटं नाही सांगत, पण पायातलं बळ गेलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ मला तेव्हापासून वेगळा दिसतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याला देवदूत तुरुंगातून काढतो, बेड्या गळून पडतात, सगळं आपण संडेस्कूलमध्ये नाटक करून दाखवतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दुसऱ्या शिष्याला, याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलंय. एका वाक्यात. त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल का? पेत्र त्या रात्री दार वाजवत होता तेव्हा याकोबाच्या घरच्यांना काय वाटलं असेल, यावर एक तरी संदेश ऐकायचाय मला.

बाहेरचा
मी आता प्रार्थना करत नाही. वाचतोय फक्त. एक विचारू, याचना मान्य होईल की नाही माहीत नसताना तुम्ही अजून करता कशाला?

दोन खाटा
दादा, विचारलंत ते बरं केलंत. मी मागणं जवळजवळ सोडलंय, भांडते. बायबलमधलं स्तोत्र ८८ काढून मोठ्याने वाचते, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तरी ते स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. राग कोणावर काढायचा तर ज्याच्या हातात होतं त्याच्यावरच ना. दुसऱ्या कोणावर काढून उपयोग काय.

एक बाबा
+१. मी पण भांडतो. गाडीत, काचा वर करून.

बाहेरचा
हे मला जमेल कदाचित. ८८ ना? बघतो.