पार्किंगमधल्या पिल्लांचं काय करायचं?

भोसले काका (सेक्रेटरी): नमस्कार. बी विंगच्या जिन्याखाली कुत्री व्यायली आहे. सहा पिल्लं आहेत. आज पहाटे ती दूधवाल्याच्या अंगावर धावून गेली. रेवती, गावाकडं तुमचं जखमी कुत्र्यांचं शेड आहेच. सगळ्यांना तिकडं नेता येईल का?

निंबाळकर (बी-२०४): टेम्पो माझा. संध्याकाळी रिकामाच आहे.

शिल्पा (ए-३०२): बरं होईल. मुलं खाली खेळायला जायला घाबरतात.

रेवती (सी-१०१): काका, आधी विचारलंत ते फार बरं केलंत. पण नेणार नाही, आणि का ते नीट सांगते. पिल्लं जेमतेम तीन-चार आठवड्यांची आहेत. लस सुरू होते दीड-दोन महिन्यांची झाली की. आमच्याकडं बाहेरून आजारी कुत्री रोज येतात आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनेलनं तो मरत नाही. खोल्या ब्लीचिंगनं धुता येतात, अंगणातल्या मातीचं काय करणार? लस नसलेलं पिल्लू तिथं आलं की उलट्या, रक्ताची हगवण, आणि सलाईन लावूनही कितीतरी हातातनं जातात. आत्ता त्यांच्यासाठी आईचं दूध आणि हा जिना, दोन्ही शेडपेक्षा चांगले आहेत.

निंबाळकर (बी-२०४): मग शेड कुणासाठी आहे ताई? खरंच माहिती नाही म्हणून विचारतोय.

रेवती (सी-१०१): ज्यांना रस्त्यावर पुन्हा उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी. आत्ता मी शिरवळला बसलेय, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. एक्स-रेला वेळ आहे म्हणून एवढं लिहिता येतंय. सकाळी उंब्रजच्या पुढं हायवेला गाडीनं उडवलेली कुत्री आमच्या शेडवरच्या तात्यांना दिसली, मागचे पाय ओढत चालली होती. अशा वेळी आधी तोंडाला पट्टी बांधायची, ओढणीसुद्धा चालते, कारण दुखत असताना कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावतं. मग अंगाखाली फळी सरकवायची. पोटाखाली हात घालून उचललं आणि कणा मोडलेला असला तर आणखी इजा होते. खंबाटकी घाट ओलांडून इथं यायचं म्हणजे दिवस गेलाच. तोवर तिकडं तात्या एकटे आहेत. स्वयंपाक, झाडलोट, औषधं सगळं त्यांच्यावर.

कदम काकू (बी-१०३): अगं पण तात्यांचं वय किती! आणि स्वयंपाक काय करता एवढ्यांचा?

रेवती (सी-१०१): चुलीवर मोठं पातेलं असतं काकू. तांदळाच्या कण्या, भोपळा, आणि चिकनवाल्याकडून माना-पाय मिळतात ते. शिजलेली हाडं काढून टाकावी लागतात, ती आतड्यात टोचतात. सगळ्यात वेळखाऊ काम मात्र जखमांचं. जखमेत आसडी पडली की चिमट्यानं एकेक अळी काढायची, तात्या टॉर्च धरतात. औषध टाकल्यावर अळ्या श्वासासाठी मागचं टोक वर काढतात, तेवढ्यात पकडायची. दोन राहिल्या तरी आत पोखरत जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कळकळीनं सांगते, कुणीही अशा जखमेवर पेट्रोल, डिझेल, फिनेल ओतू नका. कातडी जळते, आणि कुत्रं ते चाटतं.

आता गळीत हंगाम आहे. फड तुटत आला की पाचटात पिल्लं सापडतात. आई कुठंतरी पळालेली असते. बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर कुत्री येतात, हंगाम संपून ट्रॅक्टर निघाले की काही मागं राहतात. त्या माणसांना दोष देत नाही, त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड पाठीवर असतं. आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना आत घ्यावं लागतं, कारण कराड भागात उसात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याला सहज मिळणारं भक्ष्य. म्हणजे जागा वाढवायची तर नुसती जागा वाढवून भागत नाही. पक्की भिंत, वरून जाळी, रात्रीला माणूस. धडधाकट कुत्री तिथं कोंडली तर आजच्या या कुत्रीला कुठं ठेवू?

शिल्पा (ए-३०२): पण सुप्रीम कोर्टानंच भटकी कुत्री उचलायला सांगितलंय ना?

रेवती (सी-१०१): शिल्पाताई, ११ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश दिल्ली परिसरापुरता होता. २२ ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली किंवा फार आक्रमक असतील ती सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतून कुत्री हलवायला सांगितली. आपली सोसायटी त्यात येत नाही. आपल्याला लागू आहेत ते २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम. शिवाय ही गेली तरी कचऱ्याचा डबा तिथंच उघडा राहणार, मग नाल्यापलीकडची चार येतील, नसबंदी न झालेली. हिला आपण ओळखतो तरी.

मोहिते वहिनी (ए-१०४): रेवती, ओमला काल खेळताना एका पिल्लाचा दात लागला. थोडंसंच रक्त आलं. हळद लावलीय. एवढंसं पिल्लू आहे, काही होत नाही ना?

रेवती (सी-१०१): वहिनी, बाकी सगळं बाजूला ठेवा. आत्ता नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद निघून जाऊ द्या. चुना, तिखट, काही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. मग थेट सिव्हिलला. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज होत नाही असं नसतं. रक्त आलंय, म्हणजे लसीबरोबर जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कातडीतली लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवशी असते, दंडावर. शेवटचं इंजेक्शन चुकवू नका. पिल्लावर मी दहा दिवस लक्ष ठेवते, पण त्याची वाट बघत लस थांबवायची नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजारावर उपाय उरत नाही. आमची स्वतःची आधीच लस झालेली आहे, तरी चावलं की आम्हीही पुन्हा दोन डोस घेतो.

भोसले काका (सेक्रेटरी): मोहिते, गाडी काढतो. पाच मिनिटांत खाली या.

मोहिते वहिनी (ए-१०४): निघालो.

शिल्पा (ए-३०२): माझ्या मनातच आलं नव्हतं हे. मुलांना मी सांगते, पिल्लांना हात लावायचा नाही.

रेवती (सी-१०१): हो, महिनाभर तरी अजिबात नको. आई धावून जाते ती पिल्लांसाठी. जिन्यासमोर दोन प्लायवूडचे तुकडे उभे करून आडोसा करा, तिला माणसं दिसली नाहीत की निम्मी चिडचिड कमी होईल. खाणं जिन्यापाशी नको, मुलांच्या खेळण्याच्या जागेपाशी तर नकोच. नियमही तेच सांगतात. पाण्याच्या टाकीमागं ठेवा, ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं.

निंबाळकर (बी-२०४): आणि टेम्पो?

रेवती (सी-१०१): टेम्पो लागणारच आहे दादा. पिल्लं दूध सोडतील तेव्हा आईची नसबंदी आणि रेबीजची लस करून घेऊ, मग कानाला खूण करून तिला इथंच परत. पिल्लं सहा महिन्यांची होईपर्यंत त्यांची नसबंदी होत नाही, म्हणून तोवर घरं शोधायची. त्यात सांगते, गावात फोन केला की पहिला प्रश्न असतो, कुत्रा आहे का कुत्री? मादी कुणालाच नको असते आणि रात्री उसाच्या बांधावर टाकलेली पिल्लं बहुतेक मादीच असतात. मला हे फार लागतं. घर देताना मी आधी जाऊन बघते. दिवसभर साखळीला बांधून ठेवणार असतील तर देत नाही, मग ते कितीही ओळखीचे असोत.

भोसले काका (सेक्रेटरी): सिव्हिलमधून लिहितोय. ओमला सीरम आणि पहिली लस झाली. पुढच्या तारखा कागदावर आहेत, वहिनींकडं. रेवती, नगरपालिकेला नसबंदीचा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर देऊ, मजकूर तू लिहून दे. आणि कचऱ्याच्या डब्याला उद्याच झाकण बसवतो.

रेवती (सी-१०१): देते काका. इकडं एक्स-रे झाला, कणा शाबूत आहे. कंबरेचं हाड मोडलंय, काही आठवडे पिंजऱ्यात आराम दिला तर चालायला लागेल असं डॉक्टर म्हणतात.

कदम काकू (बी-१०३): देव पावला. माझ्याकडं कण्यांचं पोतं पडून आहे, इथल्या कुत्रीला रोज मी शिजवून घालते. बाकीच्या कण्या तुझ्या गाडीत टाक. मीठ घालायचं का गं?

रेवती (सी-१०१): मीठ नको काकू, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यांना ते विषासारखं आहे. चिमूटभर हळद चालेल. ती दूध पाजतेय, म्हणून दोन वेळा घाला आणि पाणी भरपूर ठेवा.

कदम काकू (बी-१०३): बरं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला.