'गुंठेवारी आहे' आणि 'गुंठेवारी झाली'

छत्रपती संभाजीनगरात घर शोधतो आहोत. एका प्लॉटबद्दल शेजारचे काका म्हणाले, "घेऊ नका, गुंठेवारी आहे." पुढच्याच गल्लीत घरमालकीण काकू म्हणाल्या, "आमची गुंठेवारी झालीय, निर्धास्त राहा." खरा अर्थ कोणता?

— दोन्ही खरे. टक्केवारी, वर्गवारी तशी गुंठेवारी: जमिनीचा गुंठ्यांवर हिशेब. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. शहर वाढत शिवारात शिरलं की एकराला गिऱ्हाईक नसतं, गुंठ्याला असतं. मग चुन्याची फक्की मारून तुकडे पाडायचे आणि नुसत्या बाँडपेपरवर विकायचे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा, लेआउट मंजूर नसतो, सातबाऱ्यावर नाव लागलंच तर दहा जणांत एक. काकांचा अर्थ हा.

पुढे २००१ साली अशा वस्त्यांसाठी गुंठेवारी कायदा आला. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं त्यात बसत. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. 'गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घेतली' एवढं लांब कोण बोलणार? 'गुंठेवारी केली' रूढ झालं. रोगाचं नाव औषधाला लागलं! अर्थ क्रियापदावर ठरतो: 'आहे' की 'झाली'.

— म्हणजे 'एनए'च ना?

— नाही. एनए, म्हणजे बिनशेती, हा जमिनीच्या वापराचा प्रश्न. गुंठेवारी तुकड्यांचा आणि त्यावरच्या बांधकामाचा.

— आणखी एकाची भर: कायद्याच्या नावातले दोन शब्दही बघा, 'नियमाधीन करणे' आणि 'श्रेणीवाढ'. पहिला लोकांनी 'नियमित' करून घेतला. दुसरा कुणाच्या तोंडी नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. श्रेणीवाढ म्हणजे रस्ता, गटार, पाणी. आमच्या गल्लीत विकणाऱ्याने कागदावर वीस फुटी रस्ता दाखवला होता. ओटे आणि जिने पुढे येत येत नऊ फूट उरला. गेल्या पावसाळ्यात आजीला खुर्चीत बसवून चौघांनी चौकापर्यंत नेलं, कारण ॲम्ब्युलन्स वळेना. आमचीही गुंठेवारी 'झालेली' आहे. शब्द वापरताना हा अर्धा भागही विचारा: रस्ता किती फुटी?

— आभार. काल काकूंना कागद दाखवायला सांगितला. त्यांनी देवघराच्या कपाटातून जपून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत फाइल दाखल केल्याची पोच होती. प्रमाणपत्र नव्हतं. त्यांच्या लेखी फाइल दिली तेव्हाच 'गुंठेवारी झाली'. खोटं बोलत नव्हत्या त्या.

— मग हा तिसरा अर्थ. कोशात तिन्ही हवेत.